जुन्या सागवानी खुर्च्या: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून वेताच्या बैठकीच्या चार सागवानी खुर्च्या घेतल्या. एकीची बैठक फाटलेली, दोघींची सैल पडलेली. चारही डुगडुगतात. पॉलिश काळवंडलंय आणि हाताला चिकट लागतं. एकीच्या मागच्या पायाखाली पिवळसर भुगा पडतो. पॉलिशवाला मेलामाइन (कडक थराचं एक आधुनिक पॉलिश) करा म्हणतो, तुम्हाला चॉक पेंट (खडूसारखा मॅट रंग) मारायचाय, आणि यातलं घरी किती जमेल असं तुम्ही विचारलंय.

तुमचा सगळा प्रश्न रंगाभोवती फिरतोय, पण या खुर्च्यांचं खरं दुखणं सांध्यांत आणि त्या एका पायात आहे. डुगडुगणाऱ्या खुर्चीवर कितीही भारी पॉलिश करा, ते सहा महिन्यांत सांध्यापाशी तडकतं. नवा वेतही अशा चौकटीवर टिकत नाही, कारण बसल्यावर चौकट हलते आणि वेत भोकाच्या काठावर घासून तुटतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी कीड, मग सांधे, मग पॉलिश किंवा रंग, आणि वेत सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर एकच काम दोनदा करावं लागतं.

भुग्याची खुर्ची आजच बाकीच्या तिघींपासून आणि घरातल्या पुस्तकांच्या कपाटापासून लांब ठेवा. सागाच्या आतल्या तांबूस-तपकिरी गाभ्याला कीड सहसा लागत नाही. लागते ती सालीजवळच्या पांढरट भागाला. बनवणाऱ्याने लाकूड वाचवायला तो भाग पायात घेतला असेल तर तिथेच भोकं दिसतील. मैद्यासारखा बारीक भुगा आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. मातीच्या नळ्या दिसल्या, लाकूड आतून थराथरांनी पोकळ झालेलं असलं तर वाळवी. ही मातीच्या नळ्या करणारी वाळवी सहसा खुर्चीत घर करून राहत नाही, ती जमिनीतून किंवा भिंतीतून येते. त्यामुळे नव्या घरात आणलेल्या खुर्चीत बहुधा भुंगेराच असतो.

पडणारा भुगा जुनाही असू शकतो, कीड कधीच मरून गेलेली असते आणि खुर्ची हलवली की आत साठलेलं खाली पडतं. हे ओळखायला पाय उलटा करून रबरी हातोड्याने ठोका, जितका भुगा निघेल तितका काढून टाका. मग खाली काळा कागद घालून खुर्ची पंधरा-वीस दिवस अजिबात हलवू नका. नवा भुगा पडला तर कीड जिवंत आहे. अशा वेळी दुकानात लाकडासाठी मिळणारं कीडनाशक (टर्मिनेटर किंवा तसलं दुसरं) इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा, पायाच्या तळाला आणि पॉलिश नसलेल्या आतल्या बाजूंनाही ब्रशने दोन हात द्या, आणि तो भाग प्लास्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळून ठेवा. हातमोजे घाला, गच्चीत किंवा अंगणात करा. पॉलिशवरून नुसतं फासलेलं औषध आत शिरत नाही, म्हणून भोकं आणि उघडं लाकूड महत्त्वाचं. रॉकेल मात्र ओतू नका. ते लागेल तेवढे किडे मारतं, अंडी राहून जातात, आणि तेलकट लाकडावर पुढे ना फेव्हिकॉल धरतो ना पॉलिश. औषधानंतर जाड टोचणीने पाय दाबून पाहा. टोचणी सहज अर्धा सेंटिमीटर आत गेली तर तो पाय वजन पेलणार नाही. त्याला नवा तुकडा जोडावा लागेल, आणि ते काम सुताराकडे द्या. बाकी जवळजवळ सगळं घरी जमण्यासारखं आहे.

आता सांधे. इथे मी जरा सविस्तर सांगतो, कारण लोक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. जुन्या खुर्च्यांत एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसवलेलं असतं आणि ते सरसाने चिकटवलेलं असतं. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला जुना डिंक. वर्षानुवर्षं पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, सरस ठिसूळ होऊन सुटतो आणि सांधा खेळायला लागतो. मग कुणीतरी बाहेरून खिळा ठोकतं. खिळ्याने सांधा काही दिवस घट्ट वाटतो, पण लाकडाला चीर जाते आणि सागातल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होऊन खिळ्याभोवती काळा डाग पडतो. सैल सांध्यात बाहेरून फेव्हिकॉल ओतणं हाही तसलाच उपाय. फेव्हिकॉल कोऱ्या लाकडात मुरून धरतो. जुन्या सरसावर किंवा वाळलेल्या फेव्हिकॉलवर तो नुसता वर बसून राहतो.

त्यामुळे सैल सांधा उघडावाच लागतो. जो सांधा हलत नाही त्याला हात लावू नका. आधी मास्किंग टेपचे तुकडे लावून प्रत्येक जोडीला एकच आकडा द्या: पायावर १, पट्टीवर १. एका खुर्चीचे डावे-उजवे भाग दिसायला सारखे असतात, बसवताना मात्र एक मिलिमीटरचा फरक पडतो. आणि चार खुर्च्या एकदम उघडू नका. एक उघडायची, चिकटवायची, मगच दुसरी. ठोकण्याआधी प्रत्येक सांध्याजवळ पॉलिशखाली खिळ्याचं डोकं किंवा आरपार मारलेली लाकडी खुंटी आहे का ते पाहा. खिळा पक्कडीने काढा. खुंटी असेल तर तिच्यापेक्षा किंचित बारीक ड्रिलने पोकळ करून काढा. हे न बघता ठोकलं की सांधा सुटत नाही, लाकूड फाटतं. मग जाड कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा सांध्याजवळ ठेवून रबरी हातोड्याने हलके ठोके द्या. अडला तर कडेने कोमट व्हिनेगरचे थेंब सोडा आणि अर्धा तास थांबा. सरस ओला झाला की सुटतो.

सुटलेल्या टोकावरचा आणि खोबणीतला सरस पटाशीच्या धारेने खरवडा आणि कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा. लाकूड खरवडू नका. टोक पातळ झालं की सांधा आणखी सैल होतो. पूर्ण दिवसभर वाळू द्या. साग तेलकट लाकूड आहे, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही बाजू थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. मग कोरडंच जोडून पाहा. टोक हाताच्या जोराने आत जाऊन स्वतः तिथे राहिलं तर ठीक. खुळखुळत असेल तर टोकाच्या दोन्ही रुंद बाजूंना सागाच्या व्हिनिअरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी चिकटवा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून बरोबर मापाला आणा. फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून ती फट भरण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टिकत नाही. दोन लाकडं एकमेकांना भिडलेली असताना मधला पातळ थर ताकद देतो, जाड लगद्याला ती ताकद नसते.

चिकटवायला फेव्हिकॉल मरीन घ्या. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा आणि लगेच शिकंजा (क्लॅम्प) आवळा. शिकंजे नसतील तर सायकलची जुनी ट्यूब कापून लांब पट्टी करा आणि ओढून-ओढून चौकटीभोवती गुंडाळा. तिचा दाब सगळीकडे सारखा पडतो आणि लाकडावर वळही उमटत नाही. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा, नाहीतर तिथे पॉलिश मुरणार नाही आणि पांढरट ठसा राहील. आता दोन गोष्टी तपासायच्या. बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरची बाजू रुंद आणि मागची अरुंद असली तरी दोन्ही कर्ण सारखे हवेत, दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल. आणि खुर्ची सपाट लादीवर ठेवून चारही पाय टेकतात का पाहा. फेव्हिकॉल ओला आहे तोवर हाताने जरा पिळून चौकट सरळ करता येते. दुसऱ्या दिवशी फक्त पाय कापणं उरतं. चोवीस तास त्यावर कुणी बसायचं नाही.

सांधे झाले की पॉलिश. चिकटपणा बहुतेक वेळा पॉलिशचा नसतो, त्यावर साचलेल्या घामाचा, तेलाचा आणि जुन्या मेणाचा असतो. म्हणून आधी धुवायचं: एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण, फडकं घट्ट पिळून पुसायचं, लगेच कोरड्या फडक्याने पाणी टिपायचं. मग टर्पेंटाइनच्या फडक्याने मेण काढायचं. फडकं काळं येणं थांबलं की खाली काय आहे ते दिसेल. पुष्कळदा इथेच कळतं की पॉलिश चांगलं आहे आणि वर दोन हात दिले की काम झालं. जुनं पॉलिश पूर्ण उतरवायचं की ठेवायचं हे या टप्प्याआधी ठरवूच नका. कॉस्टिक सोड्याने धुऊन पॉलिश उतरवण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. साग काळा पडतो, रेषा उभ्या राहतात आणि सांध्यांतला डिंकही सुटतो.

पॉलिश कुठलं आहे हे ओळखायला बैठकीच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा कापूस अर्धा मिनिट धरा. पॉलिश मऊ होऊन कापसाला तपकिरी लागलं तर ते लाखेचं. नाहीच हललं तर थिनरचा कापूस धरा. सुटलं तर लॅकर. दोन्हीने हललं नाही तर तेलाचा व्हार्निश, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). हा क्रम पाळा, कारण थिनरने लाखही मऊ होते आणि मग काही कळत नाही. तुमच्या वर्णनावरून लाख असण्याची शक्यता जास्त वाटते, पण खात्री कापूसच देईल.

लाख असेल तर मी लाखच ठेवीन. मेलामाइन जास्त कडक होतं आणि पाण्याला जास्त टिकतं, म्हणून जेवणाच्या टेबलाच्या वरच्या फळीला ते योग्यच आहे. खुर्चीला मात्र ठोकर लागते, ओरखडे पडतात. मेलामाइनवर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, लाखेच्या पॉलिशवर करता येतो, कारण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. मेलामाइन दोन द्रव्यं मिसळून मारतात, नीट मारायला स्प्रे लागतो आणि त्याचा वासही डोळ्यांना झोंबणारा असतो. हे घरचं काम नव्हे. पॉलिशवाला मेलामाइन सुचवतो ते एका दिवसात उरकतं म्हणून, आणि त्याच्या बाजूने ते बरोबर आहे.

लाखेचं द्रावण असं करा: एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडा लाख, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत. लोखंडी डबा नको, द्रावण काळं पडतं. अधूनमधून हलवत चोवीस तास ठेवा, मग मलमलीतून गाळा. चार खुर्च्यांना दीड-दोन लिटर पुरेल. एकदम जास्त करून ठेवू नका. वर्षभर जुनं झालेलं द्रावण नीट वाळत नाही, बोटाचा ठसा घेत राहतं. पृष्ठभाग आधी १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेला धरून घासा. आडवे ओरखडे लाख लावल्यावर उठून दिसतात. कापसाचा बोळा मलमलीत बांधा, द्रावणात बुडवून हलका पिळा, आणि एका दिशेने एकदाच ओढा. ओल्या जागेवरून पुन्हा फिरवलात तर खालचा थर उचकटून येतो. दोन हातांमध्ये दीड-दोन तास जाऊ द्या. तीन हातांनंतर ४०० नंबरने हलकं घासून आणखी दोन हात. दुसऱ्या आठवड्यात थोडं मेण लावून लोकरीच्या फडक्याने चमक काढा. स्पिरिटचा वास कोंडू देऊ नका, गॅस किंवा देवाजवळचा दिवा त्या खोलीत पेटता नसावा.

पावसाळ्यात हे काम नको. हवेतला ओलावा वाळत्या लाखेत अडकतो आणि पॉलिश दुधाळ दिसतं. पुण्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत थांबा, मुंबई-कोकणात ऑक्टोबरचे पहिले काही दिवसही जाऊ द्या. तेवढ्यात सांधे आणि किडीचं काम उरकून घेता येतं. खिळ्यांचे काळे डाग पॉलिश उतरवल्यावरही राहिले तर गरम पाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड (लिटरला साधारण पन्नास ग्रॅम) विरघळवून ब्रशने लावा, डाग फिका झाला की दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा. हे विषारी आहे. हातमोजे हवेतच, आणि वाळलेली पांढरी पूड घासताना नाकावर मास्क हवा.

आता तुमचा चॉक पेंट. परिस्थितीवर अवलंबून आहे. धुतल्यावर चांगल्या सागाच्या रेषा निघाल्या तर कृपा करून रंगवू नका. सागाची छिद्रं मोठी असतात. रंग त्यांत जाऊन बसतो आणि उद्या मन बदललं तर रिमूव्हरने वरचा रंग निघतो, छिद्रांतला पांढरा कण न् कण तसाच राहतो. पण एखाद्या खुर्चीत आधीच वेगवेगळ्या लाकडाचे तुकडे जोडलेले असतील, किंवा सुतार नवा पाय घालणार असेल, तर तिला रंगवणं शहाणपणाचं आहे. तसं केलंत तर रंगाआधी लाखेचे दोन हात द्याच, नाहीतर सागातला रंग पांढऱ्यातून पिवळट-तपकिरी होऊन वर येतो. बाजारातला चॉक पेंट महाग वाटला तर तीन भाग मॅट इमल्शनला एक भाग बारीक चॉक पावडर, थोड्या पाण्यात कालवून घाला. दोन हात, वर मेण. याउलट एखाद्या खुर्चीवर आधीच जुना ऑइलपेंट निघाला तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक आहे. ओलं करून घासा किंवा रिमूव्हर वापरा, आणि चोथा पिशवीत बांधून टाका.

शेवटी वेत. बैठकीच्या चौकटीला सगळीकडून भोकं आहेत की एक सलग खाच आहे ते पाहा. खाच असेल तर तयार विणलेली जाळी बसते आणि ते काम एका दुपारचं आहे. जुन्या जाळीवरची दाबपट्टी सुरीने दोन्ही कडांनी कापून पटाशीने उचका, खाच साफ करा. नवी जाळी सगळीकडून तीन सेंटिमीटर जास्त घ्या, कोमट पाण्यात तासभर आणि दाबपट्टी अर्धा तास भिजवा. जाळी लाकडी पाचरांनी खाचेत दाबा, खाचेत फेव्हिकॉल सोडा, दाबपट्टी ठोका आणि बाहेरची जाळी पटाशीने कापा. दाबपट्टी खाचेपेक्षा मिलिमीटरभर बारीक हवी, कारण खाचेत जाळीचीही जाडी असते. नेमक्या मापाची घेतली तर ठोकताना चौकट तडकते.

भोकं असतील तर हाताने विणायचं. एका बैठकीला ७५ ते ९० मीटर वेत लागतो, भोकांच्या मापाप्रमाणे दोन ते तीन मिलिमीटर रुंद. पट्ट्या पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, एकावेळी दोन-तीनच. फार भिजल्या की करड्या पडतात. चकचकीत बाजू वर. मधल्या भोकापासून पुढे-मागे उभे पदर, त्यावर आडवे, मग पुन्हा उभे, मग आडवे पण आता एक वर एक खाली असे विणत. त्यानंतर दोन तिरके, आणि शेवटी कडेची पट्टी. पहिले तीन पदर किंचित सैल ठेवा, पुढचं विणकाम आणि वाळणं मिळून ते आवळले जातात. सुरुवातीलाच ताणले तर तिरके पदर घालायला जागा उरत नाही. पहिला तिरका ज्या जोडीच्या वरून जातो, दुसरा तिच्या खालून गेला पाहिजे. बरोबर असेल तर पट्टी कोपऱ्यांतून सहज सरकते. प्रत्येक चौकात अडकत, घासत असेल तर ती उलटी घातली आहे. तिथेच काढा, पुढे जाऊ नका. महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षं अंध कारागीर करत आले आहेत आणि त्यांची वीण पाहण्यासारखी असते. स्वतः विणायला वेळ नसेल तर जवळच्या अंध संस्थेत चौकशी करा. खरा वेतच मागा, नायलॉनची पट्टी उन्हात सैल पडते.

तुमच्या सैल पडलेल्या दोन बैठकी मात्र बदलायची गरज बहुधा नाही. खुर्ची उलटी करा, जाळीच्या खालच्या बाजूवर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल अर्धा तास ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. तंतू शाबूत असतील तर सकाळी बैठक ताठ झालेली असेल. वरून पाणी ओतू नका, चकचकीत बाजू पाणी पीत नाही. हेच वर्षातून दोनदा, विशेषतः एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत करत राहा, आणि त्या खुर्च्यांवर उभं राहून पंखा पुसायचा नाही.

काम या दोघींपैकी एकीपासून सुरू करा. तिचे सांधे आणि पॉलिश पूर्ण झाल्यावर फाटक्या बैठकीची घ्या. भुग्याची खुर्ची तोवर काळ्या कागदावर पंधरा-वीस दिवस उभी असेल, आणि तिला सुतार लागणार की नाही हेही कळलेलं असेल.